सहाशे चौदा ओळखी

हेर्मानिया अँद्रांगोला कामावरून कमी केलं त्या दिवशी ती रडली नाही. हे होणार, हे तिला म्हातारे मालक एफ्राईनसाहेब वारले तेव्हाच कळून चुकलं होतं. बापाच्या मागे मुलांना गुलाबाच्या मळ्यात रस नव्हता. त्यांनी तो राजधानीतल्या, क्वितोच्या एका कंपनीला विकून टाकला. कंपनीने आल्या आल्या विक्रीचं सगळं काम राजधानीत हलवलं आणि कायांबे गावच्या ऑफिसातल्या चौघांना हात जोडले. निरोपाला केक कापला, गावची खारी बिस्किटं आणि चीज ठेवलं, कोणीतरी चार शब्द बोललं. हेर्मानियाने वीसेक कागदांवर सह्या केल्या आणि हातात लाल गुलाबांचा एक मोठा गुच्छ घेऊन ती बसने घरी आली. बसमध्ये तिच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. ज्या गावात दर दुसरा माणूस गुलाबाच्या पॉलीहाऊसमध्ये राबतो, तिथे गुलाबाचं कौतुक कुणाला?

तेवीस वर्षं. त्यातली पहिली नऊ तिने पॅकिंग हॉलमध्ये उभ्याने काढली होती. दांड्या मोजायच्या, पानं झाडायची, कळ्यांची प्रतवारी करायची, पंचवीस-पंचवीसचे गुच्छ बांधायचे. तिच्या दोन्ही हातांच्या बोटांवर काट्यांचे पांढरे व्रण होते, ते अजून गेले नव्हते. त्या नऊ वर्षांत दर रविवारी चर्चमागच्या खोलीत एका निवृत्त मास्तरणीकडे बसून ती इंग्रजी शिकली. मग एकदा विक्रीतली मुलगी बाळंतपणाला गेली आणि तिच्या जागी दोन महिन्यांसाठी म्हणून हेर्मानियाला बसवलं, ती तिथेच राहिली. मोठी गिऱ्हाइकं इंजिनियर लोकांनी आपसात वाटून घेतली होती. हिच्या वाट्याला आली ती चिल्लर: कुठल्या कुठल्या देशांतली कोपऱ्यावरची फुलांची दुकानं, आठवड्याला दोन खोकी मागवणारी. हेर्मानियाने ती चिल्लर लेकरांसारखी सांभाळली.

आणि ती सगळी माणसं त्या साइटवर होती. कामधंद्याच्या ओळखींची ती साइट. बारा वर्षांपूर्वी एफ्राईनसाहेबांनी सगळ्यांना बोलावून फर्मान काढलं होतं, "उद्यापर्यंत प्रत्येकाने तिथे आपलं खातं उघडायचं. जग तिकडे गेलंय म्हणे. आपण इथे डोंगरात बसून काय करणार?" गुलाबांच्या रांगेत उभी करून तिचा फोटो काढला होता. डोळे उन्हाने मिचमिचे, केस विस्कटलेले. तो तिने कधी बदलला नाही.

खरा घाव बसला तो तीन आठवड्यांनी. कंपनीचा ड्रायव्हर एक जाड लिफाफा घेऊन दारात आला, सही घेऊन गेला. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तिने ते पत्र दोनदा वाचलं तरी डोक्यात शिरेना. तिसऱ्यांदा बोट ठेवून, शब्द शब्द वाचलं तेव्हा अर्थ लागला.

नोकरी सोडताना तिने सही केलेल्या कागदांतल्या अकराव्या कलमाप्रमाणे, नोकरीच्या काळात जोडलेली सगळी गिऱ्हाइकं ही कंपनीची मालमत्ता होती. सोबतच्या यादीतली सर्व नावं तिने दहा दिवसांच्या आत आपल्या खात्यावरून काढून टाकायची. मग ऑफिसात येऊन खातं उघडून दाखवायचं. आणि पुढची दोन वर्षं यांपैकी कुणाशीही, कोणत्याही मार्गाने, बोलायचं नाही.

यादी नऊ पानांची होती. आडनावांच्या आद्याक्षरांप्रमाणे लावलेली, शेवटी आकडा टाकलेला: सहाशे चौदा.

तिने पहिल्या पानावरून नजर फिरवली आणि बिरुतेच्या नावाशी ती अडली.

बिरुते ही लिथुआनियातल्या काउनास गावची. तिचं एका बोळात लहानसं दुकान. सुरुवातीला बाई महा कटकटी होती. प्रत्येक खोक्यामागे तक्रार. दांडी वाकडी, पाकळी डागाळलेली, पान पिवळं. हेर्मानिया दर वेळी फोटो मागायची, माफी मागायची आणि पुढच्या खोक्यात चार दांड्या जास्तीच्या घालायची. असं करता करता अकरा वर्षं झाली. हेर्मानियाचा नवरा नेप्ताली गेला तेव्हा ती आठवडाभर कामावर नव्हती. परतल्यावर बिरुतेचा निरोप आलेला दिसला. शब्द एकही नाही, नुसता फोटो. दुकानाच्या काचेत पांढऱ्या गुलाबांचा गुच्छ आणि त्याखाली पुठ्ठ्यावर हाताने लिहिलेलं नवऱ्याचं नाव. स्पेलिंग चुकलं होतं. हेर्मानियाने तो फोटो कधी कुणाला दाखवला नव्हता, मुलीलाही नाही.

"ही कंपनीची मालमत्ता?" ती रिकाम्या स्वयंपाकघरात मोठ्याने म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी ती ठेवणीतला कोट चढवून मळ्याच्या ऑफिसात गेली. कंपनीची वकीलबाई, व्हेरोनिका सेव्हायोस, आठवड्यातून दोन दिवस क्वितोहून यायची. चाळिशीची, चेहऱ्यावर थकवा, टेबलावर अर्धं खाल्लेलं केळं. तिने हेर्मानियाला बसायला सांगितलं, कॉफी विचारली. वाईट बाई नव्हती ती, हे हेर्मानियाला लगेच कळलं. आणि त्यामुळेच तिला भांडायचं कसं ते सुचेना.

"वकीलबाई, ही माझ्या ओळखीची माणसं आहेत."

"कंपनीच्या ओळखीची, हेर्मानियाबाई. तुम्ही कंपनीच्या पगारावर असताना झालेली."

"माझ्या नवऱ्याची ओळखसुद्धा इथेच झाली होती. फवारणीवर होता तो. मग तोही कंपनीचाच म्हणायचा का?"

वकीलबाईंना हसू आलं. "तो आहे का यादीत?"

"तो वर गेला."

"मग त्याला राहू द्या." त्या हसता हसता थांबल्या. "हे बघा, मला यात काही आनंद नाही. पण वर कुणीतरी कान फुंकलेत. तुमच्या वाडीतल्या सोळा घरांनी मिळून पॉलीहाऊस घातलीत ना? आणि तुमचा चुलतभाऊच त्यांचा म्होरक्या? उद्या तुम्ही त्यांची फुलं आमच्याच गिऱ्हाइकांना विकणार, अशी यांना धास्ती आहे."

हेर्मानियाचा चेहरा गरम झाला. कारण ते खोटं नव्हतं. त्या चुलतभावाने, सेगुंदोने, तिला तसं विचारलं होतं आणि ती 'बघू' म्हणाली होती.

"सोळा घरांची मिळून पाच एकर नाहीत, बाई. तुमची दीडशे आहेत."

"मला माहितीये. मी त्यांना तेच सांगितलं." वकीलबाईंनी कागद सारखे केले, आणि मग खाली बघतच म्हणाल्या, "सिओमारा तुमचीच मुलगी ना? पॅकिंग हॉलला मुकादम म्हणून घेतलीय नुकतीच. चांगलं काम करते म्हणतात. तिची नोकरी अजून कच्ची, मुदत पुढच्या महिन्यात संपते, नाही का?"

बाहेर खोकी भरलेला ट्रक मागे घेत होते, त्याची पीं पीं तेवढी येत होती.

"म्हणजे?" हेर्मानियाने विचारलं.

"म्हणजे काही नाही. मला सांगायला सांगितलं, मी सांगितलं." आणि वकीलबाईंनी मान वर करून पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत पाहिलं. "मलाही दोन मुलं आहेत, हेर्मानियाबाई. करून टाका. नावंच तर आहेत."

संध्याकाळी सिओमारा कामावरून आली आणि रोजच्यासारखे हात गरम पाण्याच्या पातेल्यात बुडवून बसली. शीतगृहातून दिवसभर ये-जा करून तिची बोटं लाकडासारखी व्हायची. हेर्मानियाने तिला पत्र वाचून दाखवलं. वकीलबाईंचं शेवटचं बोलणं सांगावं की न सांगावं असं झालं होतं, पण ते तोंडातून गेलंच.

"नको करूस," सिओमारा ताडकन म्हणाली. "काढू देत मला. दुसरे मळे नाहीत का? गल्लीगल्लीत मळे आहेत."

"मुकादम म्हणून कोण घेणार आहे तुला? परत उभ्याने गुच्छ बांधत बसशील."

"बांधीन. तू नाही बांधलेस?"

"मी बांधले म्हणून तू बांधायचे होय?"

पाणी गार होत आलं तरी सिओमाराने हात काढले नाहीत. बऱ्याच वेळाने, पातेल्यातच बघत, ती हळूच म्हणाली, "आई, करायचंच असेल तर मुदत संपायची वाट नको बघूस. लवकर केलंस तर त्यांनाही बरं वाटेल."

हेर्मानियाला पोरीचा राग आला नाही. तिच्या जागी ती असती तर तीही हेच म्हणाली असती.

गुरुवारी सकाळी सिओमारा गेल्यावर तिने चष्मा पुसला, डावीकडे यादी ठेवली, उजवीकडे फोन. काम सोपं होतं. नाव शोधायचं, माणसाचा फोटो उघडायचा, कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांवर बोट ठेवायचं, 'ही ओळख काढून टाका' दाबायचं. साइट विचारायची: नक्की? मग पुन्हा दाबायचं. समोरच्याला काही कळवलं जाणार नाही, असंही ती साइट सांगायची, जणू चोराला धीर द्यावा तसं.

पहिली दहा-पंधरा नावं तिने भराभर काढली. बरीचशी नुसती नावंच होती. कुठल्या प्रदर्शनात भेटलेली, पुन्हा कधी न बोललेली. मग अल्माटीचा येरलान आला. त्याच्या गावाला बर्फाचा डोंगर, हिच्या गावाला बर्फाचा डोंगर. दर वसंतात तो आपल्या डोंगराचा फोटो पाठवून लिहायचा, 'माझा जास्त देखणा'. ही खिडकीतून कायांबे डोंगराचा फोटो काढून पाठवायची, 'आधी डोळे तपासून घ्या'. एवढंच त्यांचं नातं. तीन ठिपके. नक्की? हेर्मानियाने डोळे मिटून घेतले आणि दाबलं.

सत्तराव्या नावाच्या आसपास फोन अडून बसला. 'तुम्ही हे काम फार वेगाने करत आहात. कृपया काही वेळाने प्रयत्न करा.' तिला वाटलं आपलंच काही चुकलं. फोन बंद करून चालू केला. तेच. तिने कपाळावर हात मारला. "अरे, मला हौस आहे का?" मग उठली, परसातल्या गिनिपिगांना गवत घातलं, कांद्याला पाणी सोडलं, मक्याचं आधण ठेवलं. दुपारी बसली तर अजून वीस नावं झाली आणि पुन्हा अडलं.

असं रोज चाललं. थोडी नावं, मग अडसर, मग गिनिपिग, मग पुन्हा नावं. तिला वाटायचं, निदान झटकन तरी मोकळं करा. त्यात शनिवारी एक नवीनच सुरू झालं. काढलेली माणसंच ती साइट परत तिच्यापुढे आणून उभी करायला लागली: 'तुम्ही कदाचित यांना ओळखत असाल.' आणि खाली येरलानचा हसरा चेहरा, बाकूचा मोठ्या मिशांचा दुकानदार, सांतियागोचे दोघे भाऊ.

"ओळखते रे," ती फोनला म्हणाली. "ओळखते."

रविवारी प्रार्थनेनंतर सेगुंदो आला. तिच्याहून सहा वर्षांनी लहान, पण उन्हातान्हाने तिच्याहून म्हातारा दिसणारा. हातात अंड्यांची पिशवी. वाडीतल्या सोळा घरांचं बोलणं तो एकटाच करायचा, कारण बाकीच्यांना गावातल्या लोकांसमोर तोंड उघडायला संकोच वाटे.

"ताई, व्हॅलेंटाइनच्या फुलांचं आत्ताच बोलून ठेवायला लागेल म्हणतात. तू कुणाला लिहिलंस का? दलाल येऊन गेला परवा. निम्म्याने मागतोय."

हेर्मानियाने त्याच्यापुढे कॉफी ठेवली, पाव ठेवला, आणि यादी ठेवली. त्याने नऊ पानं उलटून पाहिली. वाचता त्याला फारसं येत नव्हतं; पण खाडाखोड कळत होती. प्रत्येक काढलेल्या नावावर तिने पेन्सिलीची रेघ ओढली होती.

"म्हणजे तुझी माणसं नेली त्यांनी?"

"नेली असती तर बरं झालं असतं. माझ्याच हातांनी हाकलायला लावतायत."

"नावं एका वहीत लिहून ठेव ना. कोण बघायला येतंय?"

"नावं मला पाठ आहेत, सेगुंदो. बोलायचीच बंदी आहे. दोन वर्षं."

"दोन वर्षं," तो म्हणाला. झाडाला कात्री लावल्यापासून फूल यायला अडीच-तीन महिने लागतात, एवढा हिशेब त्याच्या डोक्यात कायमचा बसलेला. दोन वर्षं म्हणजे किती बहर, हे त्याने मनात मोजलं असावं. "आणि नाही ऐकलं तर?"

"सिओमारा आहे तिथे."

त्याने मान हलवली. तो चिडला असता, 'आमचं काय?' म्हणाला असता, तर हेर्मानियाला उत्तर तरी देता आलं असतं. त्याने कॉफी संपवली, पावाचा चुरा तळहातावर गोळा करून तोंडात टाकला, टोपी घातली. दारातून वळून म्हणाला, "अंडी ताजी आहेत, ताई. कालचीच." आणि गेला. दलालाला त्याने त्याच आठवड्यात होकार दिला, हे तिला नंतर दुसऱ्याकडून कळलं.

बिरुतेचं नाव पहिल्याच पानावर होतं, पण हेर्मानिया ते ओलांडून पुढे गेली होती. नऊ पानं रेघांनी भरली आणि पहिल्या पानावर ते एकच नाव कोरं राहिलं. आठव्या दिवशी दुपारी तिने तिचा फोटो उघडला. रुंद चेहरा, छोटे केस, नाकावर घसरलेला चष्मा. त्यांच्या जुन्या बोलण्यात ती वरवर सरकत गेली. तक्रारी, माफ्या, वाढदिवस, गुडघ्यांची दुखणी, तो पांढऱ्या गुलाबांचा फोटो. निरोप लिहायची जागा खाली रिकामी होती. काही लिहावं का? 'मला भाग पाडलं' एवढे तीन शब्द? पण ऑफिसात खातं उघडून दाखवायचं होतं, आणि ते काय काय बघणार कोण जाणे.

नक्की?

तिने दाबलं आणि फोन पालथा ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बिरुतेची विनंती आलेली. पुन्हा ओळख जोडायची, आणि सोबत निरोप. तिचं इंग्रजी हेर्मानियापेक्षा मोडकं होतं.

'प्रिय हेर्मानिया. मला तू माझ्या यादीत दिसत नाहीस. मला वाटतं मशीनची चूक. पण जर चूक नसेल तर मी विचार केला. सप्टेंबरच्या खोक्यात बुरशी होती आणि मी कठोर लिहिलं. त्या दिवशी माझ्या बहिणीचं ऑपरेशन होतं. ते कारण असेल तर मला माफ कर. बिरुते.'

हेर्मानियाने तो निरोप इतक्या वेळा वाचला की शेवटी अक्षरं नुसती नक्षीसारखी दिसायला लागली. सप्टेंबरातली बुरशी ती केव्हाच विसरली होती. आणि ही बाई तिकडे आपलाच अपराध शोधत बसली होती.

तिला बिरुतेच्या दुकानाचा पत्ता तोंडपाठ होता. शेकडो खोक्यांवर तो लिहिलेला. साधं पत्र टाकलं तर? ते कुणाच्या खात्यावर दिसणार नव्हतं. ती कोट चढवून बाहेर पडलीसुद्धा, आणि चौकात पोचल्यावर तिला आठवलं, की गावातलं टपाल कार्यालय बंद होऊन किती वर्षं झाली. त्या जागी आता मोबाइलची कव्हरं विकतात. दुकानातल्या मुलीने विचारलं, "काय पाहिजे, काकू?" हेर्मानिया म्हणाली, "काही नाही गं," आणि परत फिरली.

संध्याकाळी तिने सिओमाराला निरोप दाखवला. सिओमाराने वाचला, डोळे भरून आले तिचे, पण ती एवढंच म्हणाली, "आई, एकच दिवस राहिलाय. आता काही करू नकोस. प्लीज."

तपासणीला वीस मिनिटं लागली. वकीलबाईंनी फोन घेतला, यादी घेतली, वाटेल तिथून नावं शोधून बघितली. एकही सापडलं नाही. सहाशेसाठ ओळखींतून शेहेचाळीस उरल्या होत्या: भाचे-पुतणे, जुन्या सोबतिणी, एक दंतवैद्य, सिओमारा.

"छान," वकीलबाई म्हणाल्या. मग त्यांनी आणखी कुठेतरी दाबलं आणि कपाळाला आठी पडली. "या काय आहेत? अकरा विनंत्या?"

"ती परत दार वाजवतायत."

"यादीतलीच नावं आहेत ही. नाकारावी लागतील."

"तुम्हीच नाकारा, वकीलबाई. फोन तुमच्या हातात आहे."

"मला नाही करता येणार. खातं तुमचं आहे."

"आत्ता माझं झालं होय?" हेर्मानिया म्हणाली.

वकीलबाईंनी फोन टेबलावरून तिच्याकडे सरकवला आणि खिडकीबाहेर पाहत बसल्या. हेर्मानियाने एकेक करत अकराच्या अकरा नाकारल्या. येरलानने विनंतीसोबत नुसतं एक प्रश्नचिन्ह पाठवलं होतं. बिरुतेची सर्वात खाली होती.

"झालं," ती म्हणाली. वकीलबाईंनी एका कागदावर शिक्का मारून तिला दिला. तो तिने घरी आणून कुठे ठेवला ते तिचं तिलाच नंतर आठवेना.

सिओमाराची नोकरी पक्की झाली. नुसती पक्की नाही. जानेवारीत एक दिवस ती घरी आली आणि कोटही न काढता दारातच उभी राहिली.

"मला विक्रीत घेतलंय, आई. इथल्याच, वरच्या ऑफिसात."

"ऑफिसात?" हेर्मानियाच्या हातातला बटाटा तसाच राहिला. "खुर्चीवर?"

"खुर्चीवर. माझं इंग्रजी शाळेतलं आहे म्हणून. आणि..." तिने ओठ चावला. "आणि अँद्रांगो हे नाव गिऱ्हाइकांच्या ओळखीचं आहे म्हणतात. क्वितोहून लिहिलेल्याला कुणी नीट उत्तर देत नाही, म्हणून इथे परत एक टेबल मांडलंय. त्यांनी मला त्या साइटवर खातं उघडायला सांगितलंय. यादी दिलीय."

"कोणती यादी?"

सिओमाराने पिशवीतून नऊ पानं काढून पुढे धरली.

"मी नाही म्हणू का?" तिने विचारलं. "सांग ना. तू म्हणशील तर उद्या जाऊन नाही म्हणते."

हेर्मानियाने बटाटा सोलून संपवला, धुतला, पातेल्यात टाकला. जी खुर्ची मिळायला तिला नऊ वर्षं लागली होती ती पोरीला सव्विसाव्या वर्षी मिळत होती. छाती अभिमानाने भरून यावी की फुटावी, हे तिचं तिला कळत नव्हतं.

"नाही कशाला म्हणतेस?" ती म्हणाली. "कोट काढ. गारठलीस."

त्या रविवारी सिओमारा कंपनीचा लॅपटॉप घेऊन टेबलाशी बसली. विनंत्या सकाळीच पाठवून झाल्या होत्या. काय लिहायचं, कसं लिहायचं, याचा छापील कागद कंपनीने दिला होता; त्याबाहेरचा शब्द चालणार नव्हता, आणि लिहिलेलं सगळं साहेबाला दिसत होतं. तासाभरात पहिलं उत्तर आलं.

"आई," सिओमाराचा आवाज बदलला. "बिरुते."

हेर्मानिया शेगडीपाशीच उभी राहिली. "वाच."

"'अँद्रांगो? तू हेर्मानियाची कोणी आहेस का? ती मला उत्तर देत नाही. कृपया सांग, ती जिवंत आहे ना?'"

पातेल्याचं झाकण थडथडत होतं. हेर्मानियाने गॅस बारीक केला.

"काय लिहू?"

"कागदावर काय आहे?"

"'श्रीमती अँद्रांगो आता आमच्या कंपनीत नाहीत. यापुढे आपल्या सेवेसाठी मी आहे.'"

"मग तेच लिही."

"आई, ती विचारतेय तू जिवंत आहेस का!"

"वाचलंस ना मघाशी, ऐकलं मी." हेर्मानिया येऊन मुलीच्या मागे उभी राहिली. पडद्यावर तो रुंद चेहरा, घसरलेला चष्मा. "साहेबाला दिसतं म्हणालीस ना? मग लिही कागदावरचं."

सिओमाराने लिहिलं. एकेक अक्षर जड दगडासारखं दाबत लिहिलं, आणि पाठवून दिलं. दोघी वाट बघत राहिल्या. तिकडे बिरुतेने वाचलं असल्याची खूण आली. मग बराच वेळ काहीच नाही. बटाटे शिजले, हेर्मानियाने ते उतरवले, त्यांत चीज घातलं, दोघींनी ताटं घेतली. जेवता जेवता पडदा उजळला.

"'समजले. धन्यवाद. आठ मार्चच्या महिला दिनाच्या फुलांचे दर पाठवा.'" सिओमाराने वाचलं.

"बास?"

"बास."

हेर्मानिया आणखी दोन घास खाल्ल्यावर थांबली. ताट बाजूला सारून तिने खुर्ची मुलीजवळ ओढली.

"तिला चाळीस सेंटीमीटरच्या दांडीची पाठव. साठची नको, तिचं दुकान बसकं आहे, उंच फुलं मावत नाहीत. पिवळा रंग चुकूनसुद्धा नको. तिकडे पिवळं म्हणजे ताटातूट समजतात. बुरशीची शंका आली तर खोकं पाठवूच नकोस, आधी फोटो पाठव. आणि खोक्यावर नाव मोठ्या अक्षरात लिहायला सांग, तिला जवळचं दिसत नाही."

"थांब, थांब," सिओमारा म्हणाली. तिने वही ओढली. नाक ओढत ओढत ती लिहून घ्यायला लागली. "तुला चालतं का हे? तू त्यांच्याशी बोलायचं नाही ना?"

"त्यांच्याशी नाही बोलत. तुझ्याशी बोलतेय."

सिओमाराने लिहून संपवलं. बाहेर कुणाच्या तरी गाडीचा भोंगा वाजला, कुत्री भुंकली. हेर्मानियाने चष्मा पुसून डोळ्यांना लावला आणि मुलीसमोरची नऊ पानांची यादी स्वतःकडे ओढली. ही कोरी होती. एकाही नावावर रेघ नव्हती.

"चल," ती म्हणाली, "सुरुवातीपासून सांगते. पहिलं नाव वाच."